रोग रेड्याला, औषध पखालीला
– तृतीय वर्ष कला, मराठी विभागातील एक विद्यार्थिनी

आमच्या घरी सकाळी दोन गोष्टी एकदमच सुरू होत असत. एक चहाचे आधण आणि दुसरा संगणक. चहा उकळून, गाळून, पिऊन, कपबश्या विसळून झाल्या, तरी संगणकाच्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचे कडे आपले फिरतच असायचे. वडील म्हणायचे, "याच्यापेक्षा आपला जुना रॉकेलचा स्टोव्ह बरा. पिन मारली की पेटायचा तरी!" सगळे हसायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. संगणक मंद आहे, ही गोष्ट आम्ही गुडघेदुखीसारखी अंगवळणी पाडून घेतली होती.

हा संगणक २०१६ साली थोरल्या भावाच्या डिप्लोमासाठी घेतलेला. भाऊ नोकरीला लागून बाहेरगावी गेला आणि यंत्र माझ्या वाट्याला आले. २०२५ च्या मे महिन्यात त्याची तऱ्हा अशी झाली की बटण दाबल्यापासून निबंधाची पहिली ओळ लिहीपर्यंत निम्मा उत्साह निघून जाई. मग मी तेच केले, जे आपण सगळे करतो. 'आपला संगणक दुप्पट वेगाने चालवा' अशी जाहिरात करणारा एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला. त्याने पडद्यावर लाल अक्षरांत शेकडो दोष दाखवले, दुरुस्तीसाठी पैसे मागितले आणि दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच रोज सकाळी संगणकाबरोबर उठून बसू लागला. म्हणजे आधीच उशीर, त्यात हा आणखी एक पाहुणा!

शेवटी दुकान गाठले. दुकानदार भला माणूस. त्याने यंत्राचे वय विचारले आणि म्हणाला, "ताई, नऊ वर्षं झाली याला. आता किती ओढणार? फॉर्मॅट मारून बघू, नाहीतर सरळ नवीनच घ्या. बत्तीस हजारांत चांगला बसेल. यात काही महत्त्वाचं आहे का?" मी म्हटले, "नाही, दादाचे जुने फोटो असतील." "मग सोमवारी आणून द्या."

बत्तीस हजार! आमची आई घरी ब्लाऊज शिवते. तिची भिशी लागायची होती आणि त्या पैशांतून पिको-फॉलचे मशीन घ्यायचे तिने दोन वर्षांपासून मनात धरले होते. मी घरी येऊन दुकानदाराचे बोलणे सांगितले, तेव्हा ती शिवता शिवता थांबली आणि म्हणाली, "घेऊ की. शिक्षणापुढे काय! पण झालंय काय त्याला?"

"जुना झालाय."

"ते कळलं गं. झालंय काय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. या लेखात मला जे म्हणायचे आहे, ते सारे या एका प्रश्नाशी येऊन थांबते. तीन वर्षे कला शाखेत आम्ही 'का' आणि 'कशामुळे' विचारायला शिकतो. पेशवाई का बुडाली, दुष्काळ का पडतो, कवीने हीच प्रतिमा का घेतली, यावर पाने भरतो. परंतु घरातले एक यंत्र अडले की आमचा 'का' कुठे दडी मारतो कोण जाणे! 'आम्ही बाबा आर्ट्सवाले' असे म्हटले की सुटलो.

आई सातवी शिकलेली. पण तिचे मशीन अडले की ती काय करते, हे मी लहानपणापासून पाहते आहे. दोरा तुटतो आहे ना? मग आधी दोरा बदलून बघायचा. तरी तुटला तर सुई. सुई ठीक असेल तर बॉबिनची पेटी काढून तिच्यातली लव फुंकरायची. मग ताण बघायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळी चिंधीवर दोन टाके घालून पाहायचे. हे सगळे झाल्यावरच ती कारागिराला बोलावते, आणि तो आला की "मशीन बिघडलंय" असे न म्हणता "परतताना टाका सुटतोय" असे सांगते. म्हणून तिला कुणी फसवू शकत नाही. सोमवारला दोन दिवस होते. मी ठरवले, की आपणही चिंधीवर टाके घालून पाहायचे.

आधी एक वही घेतली आणि घड्याळ लावून बसले. बटण दाबल्यापासून विंडोजची खूण दिसेपर्यंत १४ सेकंद. तिथून पासवर्डची चौकट येईपर्यंत १ मिनिट ५० सेकंद. पासवर्ड दिल्यापासून कोऱ्या पानावर पहिले अक्षर उमटेपर्यंत ६ मिनिटे ४० सेकंद. एकूण पावणेनऊ मिनिटांच्या आसपास. हे आकडे मांडताच पहिली गोष्ट ध्यानात आली. 'संगणक मंद आहे' हे आमचे वाक्यच मोघम होते. तो सगळीकडे सारखा मंद नव्हता. त्याचा पहिला टप्पा चांगला चपळ होता. अडत होते ते पुढे.

हे टप्पे समजून घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. संगणकाची काम करण्याची स्मृती, जिला आपण रॅम म्हणतो, ती वीज गेली की पुसली जाते. रोज सकाळी ती पाटी कोरी असते. तिच्यावर काय लिहायचे हे सांगणारा प्रोग्रामही तिच्यात नसतो. मग सुरुवात करायची कुणी? इंग्रजीत या सुरू होण्याला 'बूट' म्हणतात, तो शब्द आपल्याच बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर उचलण्याच्या कल्पनेवरून आला आहे. एका छोट्या चिपमध्ये कायमची नोंदवलेली आज्ञावली आधी जागी होते. ती कीबोर्ड, रॅम, डिस्क जागेवर आहेत की नाहीत याची हजेरी घेते आणि डिस्कवरच्या एका लहानशा प्रोग्रामकडे सूत्रे देते. तो मुख्य प्रणालीचा गाभा स्मृतीत आणतो. गाभा मग यंत्राच्या निरनिराळ्या भागांना कामाला लावतो आणि आपल्यासमोर पासवर्डची चौकट येते. त्यानंतर, 'मला रोज आपोआप सुरू कर' असे सांगून ठेवलेले बाकीचे प्रोग्राम एकामागून एक उठतात.

उशीर कोणत्या टप्प्यात होतो, यावरून रोगाची जागा बरीचशी कळते. अगदी पहिल्याच टप्प्यात यंत्र अडत असेल तर मागे विसरलेला पेन ड्राइव्ह किंवा एखादी नादुरुस्त जोडणी असू शकते. रोज तारीख चुकत असेल आणि काळ्या पडद्यावर एखादी कळ दाबायला सांगत असेल, तर आतला बटणाएवढा सेल संपलेला असतो. मधला टप्पा लांबत असेल तर डिस्क किंवा एखादा अडेलतट्टू ड्रायव्हर. पासवर्डनंतर उशीर होत असेल तर आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामांची गर्दी, अपुरी रॅम किंवा पुन्हा डिस्कच. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' केले तरी प्रणालीचा गाभा बहुधा डिस्कवर जसाच्या तसा साठवून ठेवला जातो, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो लवकर उचलता यावा. त्यामुळे कालचा घोळ आजही तसाच राहू शकतो. खरोखर नव्याने सुरुवात हवी असेल तर 'रीस्टार्ट' करायचे. मी करून पाहिले. फरक पडला नाही. वहीत तशी नोंद केली.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. सकाळी आपोआप उठणाऱ्यांची यादी तिथे मिळते. चौदा नावे निघाली! २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन तासांसाठी घेतलेला सभेचा प्रोग्राम, दोन वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या प्रिंटरचा सेवक, विषाणू पकडणारे एक सोडून दोन पहारेकरी, भावाचे दोन खेळ आणि माझा तो वेग वाढवणारा पाहुणा. प्रिंटर घरातून गेला, पण त्याचा सेवक रोज सकाळी उठून त्याची वाट पाहत होता. नको ते एकेक बंद करत गेले. दोन पहारेकऱ्यांपैकी एकाला निरोप दिला. पावणेनऊ मिनिटांची सव्वापाच मिनिटे झाली. एक पैसाही खर्च झाला नव्हता.

इथे मला एक जुनी आठवण सांगाविशी वाटते. मॅकिंटॉश संगणक घडत असताना, १९८३ साली, स्टीव्ह जॉब्ज यांनी लॅरी केनियन या अभियंत्याकडे तो लवकर सुरू व्हावा म्हणून आग्रह धरला होता. त्यांच्या सहकाऱ्याने, अँडी हर्ट्झफेल्ड यांनी, ती हकिकत लिहून ठेवली आहे. उद्या पन्नास लाख लोक हे यंत्र वापरतील, प्रत्येकाचे दहा सेकंद वाचले तर रोज पाच कोटी सेकंद वाचतील, म्हणजे वर्षाकाठी कितीतरी माणसांची आयुष्ये वाचतील, असा तो हिशेब होता. आज नेमके उलटे झाले आहे. प्रोग्राम करणारा प्रत्येकजण म्हणतो, माझे काय, दहाच सेकंद! असे चौदाजण म्हणतात आणि बेरीज मात्र आपण भरतो.

पण सव्वापाच मिनिटे हाही काही थोडा वेळ नव्हे. टास्क मॅनेजरमध्ये पाहिले तर प्रोसेसर जवळजवळ स्वस्थ बसलेला आणि डिस्क मात्र सतत शंभर टक्के कामात. म्हणजे ज्याला 'जुना झाला' म्हणून टाकायचे होते, तो संगणकाचा मेंदू रिकामा बसून डिस्कची वाट पाहत होता!

आमच्या यंत्रातली हार्ड डिस्क ही फिरणाऱ्या चकत्यांची, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची. एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचायला आतला दांडा योग्य वर्तुळावर सरकावा लागतो आणि चकती फिरून ती जागा त्याच्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला शंभरही होत नाहीत, आणि संगणक सुरू होताना तर हजारो तुकडे लागतात. आपल्या ग्रंथालयात परीक्षेच्या आदल्या आठवड्यात काय होते ते आठवा. खिडकीशी चाळीसजण, आत पुस्तके आणून देणारे शिपाईकाका एकटे आणि मागण्या मात्र एकेका पानाच्या! काका म्हातारे आहेत म्हणून उशीर होत नाही. रीतच तशी आहे. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्या चकत्या मिनिटाला १२०० फेऱ्या घेत आणि तिच्यात पन्नास लाख अक्षरे मावत. आमच्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये त्याच्या सुमारे दोन लाख पट माहिती मावते, पण ती फिरते फक्त साडेचार पट वेगाने. कोठार वाढत गेले, दार मात्र तेवढेच राहिले. आता मिळणाऱ्या एसएसडी या डिस्कमध्ये फिरणारा भागच नसतो. त्यामुळे सरकणे नाही की थांबणे नाही.

इथवर आल्यावर मी नोंदींच्या दप्तरात शिरले. विंडोज स्वतःच्या अडचणींची रोजनिशी ठेवते. तिथे डिस्कच्या नावाने 'खराब जागा' अशी तक्रार एकदा नव्हे, ओळीने लिहिलेली होती. डिस्कही आपल्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. ती वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामने पिवळ्या रंगात इशारा दिला. आमची डिस्क नुसती मंद नव्हती, ती मरणपंथाला लागली होती. एकेक जागा वाचण्यासाठी पुन्हा पुन्हा धडपडत होती आणि त्या धडपडीला आम्ही म्हातारपण म्हणत होतो.

असा इशारा मिळाला की आधी काय करायचे? दुरुस्ती नव्हे, तर आतले सगळे दुसरीकडे उतरवून घ्यायचे. मैत्रिणीची बाहेरून जोडायची डिस्क आणली आणि रात्री फाइली उतरवायला लावल्या. काय काय आहे ते पाहत होते. भावाचे फोटो, पावत्या, अर्ज. आणि मग एक फोल्डर दिसले: 'आजी-प्रकल्प'.

द्वितीय वर्षाच्या प्रकल्पासाठी मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. फोन भरला म्हणून त्या संगणकावर हलवल्या आणि फोनवरून पुसल्या. प्रकल्पात लिहून काढल्या, गुण मिळाले आणि मी विसरून गेले. २०२४ च्या दिवाळीनंतर आजी गेली. तिचा आवाज आता त्या एकाच चकतीवर होता. आणि दुकानदाराने "यात काही महत्त्वाचं आहे का?" असे विचारले, तेव्हा मी "नाही" म्हणाले होते!

रात्रभर मी त्या यंत्राजवळ बसून होते. एक्केचाळीस ध्वनिमुद्रणांपैकी एकोणचाळीस उतरली. दोन अर्ध्यावर अडली ती अडलीच. ती दोन कोणती, तेही आता फक्त वहीतल्या यादीवरून कळते. शब्द वहीत आहेत, आवाज गेला.

सोमवारी दुकानात गेले ती संगणक टाकायला नव्हे. अठराशे रुपयांची एसएसडी घेतली, दोनशे रुपये बसवण्याचे दिले. दुकानदाराने माझी वही चाळून पाहिली आणि म्हणाला, "ताई, एवढं बघत बसायचे पैसे कोण देतं आम्हाला?" त्याच्या या बोलण्यात मोठे सत्य आहे. नवीन वस्तूचे पैसे आपण देतो, फॉर्मॅटचे देतो, पण रोग कुठे आहे हे शोधण्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतो. मग तो शोधील कशाला? समजा, त्याने फॉर्मॅट केले असते तर? मरू घातलेल्या डिस्कवर पुन्हा तीच प्रणाली चढली असती, काही आठवडे बरे वाटले असते आणि आजीच्या साऱ्याच ओव्या गेल्या असत्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे आपले वाडवडील म्हणत आले. इथे तर रेडाही मेला असता आणि पखालही फाटली असती.

आता यंत्र ३५ सेकंदांत सुरू होते. आईचे पिको-फॉलचे मशीन दसऱ्याला आले.

कुणी म्हणेल, ज्याचे काम त्याने करावे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने डिस्क कशाला तपासायची? तज्ज्ञ हवाच, याबद्दल माझा वाद नाही. पण डॉक्टरकडे जाणाऱ्याला निदान कुठे दुखते आणि केव्हापासून दुखते एवढे सांगता आले पाहिजे की नको? मला प्रोग्राम लिहिता येत नाही. मी फक्त वेळ मोजली, एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि नोंद ठेवली. याला विज्ञान शाखेचे प्रमाणपत्र लागत नाही. पोथीच्या दोन प्रती ताडून पाहणारा आमचा संशोधकही हेच करतो. उलट, संगणकाच्या ज्या प्रमाणपत्र परीक्षा आम्ही देतो, त्यांत अक्षर ठळक कसे करावे हे विचारतात. यंत्र अडले तर काय पाहावे, हे कुणी विचारत नाही.

आणि हा प्रश्न माझ्या एकटीच्या घरचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत साथ संपली. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे आहेत. २०१६ चे आमचे यंत्र त्यात बसत नाही. अशी चांगली चालणारी किती यंत्रे आता 'जुनी' म्हणून भंगारात जातील! आम्ही आमच्या यंत्रावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली घातली. तिच्यात मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आहे, आणि हा लेख त्याच्यावरच लिहिला आहे. सर्वांनाच ते सोयीचे पडेल असे नाही. पण टाकण्यापूर्वी निदान विचार तरी व्हावा.

म्हणून प्राचार्य आणि प्राध्यापकवर्गापुढे एक लहानशी सूचना ठेवते. आपल्या संगणक कक्षात कोपऱ्यात चादरीखाली झाकून ठेवलेली यंत्रे आहेत. 'स्लो' एवढीच त्यांच्यावरची चिठ्ठी. महिन्यातला एक शनिवार आम्हा विद्यार्थ्यांना द्या. प्रत्येक यंत्राशेजारी एक वही ठेवू, घड्याळ लावू, कुठे किती वेळ लागतो ते लिहू. जी सुधारतील ती ग्रंथालयात ठेवू. जी खरोखरच गेली असतील ती निर्लेखित करायला आमची हरकत नाही. मात्र त्यांच्या चिठ्ठीवर 'स्लो' नव्हे, कारण लिहिलेले असेल.

आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एवढेच सांगणे, की तुमच्याही घरी चहाबरोबर सुरू होणारा एखादा संगणक असेल. त्याच्यात काय आहे ते आजच उघडून पाहा आणि दुसरीकडे उतरवून ठेवा. मंदपणाचे कारण सवडीने शोधता येईल.